मंजूर झालेली एकमेव कपात

दुष्काळाच्या त्या वर्षी मी धुळ्यात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. दैनिक निघायचं जळगावहून. धुळ्यातली त्याची शाखा म्हणजे एसटी स्टँडजवळच्या सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. पाटीवर मात्र ‘धुळे कार्यालय’ असं लिहिलेलं होतं आणि ती पाटी मी रोज स्वतःच पुसत असे. तेवीस वर्षांचा होतो. कॉलेजात वादविवाद स्पर्धेची ढाल मिळवली होती, त्यामुळे जगात मला कळत नाही असं काही उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या खुर्चीवर बहुतेक वेळा आबा बसलेले असत. सोनगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातले, धोतर-टोपीतले, विरोधी पक्षाचे जुने कार्यकर्ते. तालुक्यात त्यांचा पक्ष कधी निवडून आलेला नव्हता. तशी काळजीही आबांना नव्हती. एकदा मी त्यांना छेडलं, “आबा, इतकी वर्षं हरता, कंटाळा येत नाही?” तर म्हणाले, “भाऊ, जितेल मानूसले काम सांगता येत नही. तो रोज हारतुरामाच ऱ्हास. आम्हले बरं शे, आम्ही मोकळा.”

त्या वर्षी आबांच्या गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम सुरू होतं. आसपासच्या पाच-सात खेड्यांतली माणसं, त्यात बाया जास्त, माती खोदत, खडी फोडत, बांधावर घमेली वाहून नेत. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापायच्या आणि पुन्हा उन्हात जायचं. पण कामावर दोन दुखणी होती. मजुरी कित्येक आठवडे वेळेवर मिळत नव्हती आणि कामावर पाणी नव्हतं. पिण्याचं पाणी बाया घरून डोक्यावर आणायच्या आणि दुपार व्हायच्या आत ते संपायचं. ओव्हरसियरला सांगून झालं, कचेरीत अर्ज झाले. शेवटी आबा उठले, बायांनी बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी घेऊन एसटीनं मुंबईला गेले आणि विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्यालाच जाऊन भेटले.

परत आले ते दोन अंगुळं उंच होऊन.

“भाऊ, साहेबनी माले समोर बठाडं. चहा पाजा. बठ्ठं ऐकी लिधं. आन सांगं, आबा, तुमना तलाव मी विधानसभामा लई जासू. मंग सोता दखाले येसू.”

आबांनी हे कामावर जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून आमचं दैनिक तिथे रोज मोठ्यानं वाचलं जाऊ लागलं. दुपारी भाकरी खाताना सातवी शिकलेली एखादी पोर वाचायची आणि बाकीच्या ऐकायच्या. आपला तलाव विधानसभेत कधी पोचतो, याची सगळे वाट बघत होते. आमच्या दैनिकाचे एवढे मन लावून ऐकणारे वाचक ना त्याआधी कधी होते, ना नंतर झाले. मला हे आबांकडून कळलं तेव्हा माझी छाती भरून आली. पुढे जे झालं त्याला ती भरलेली छातीही थोडी जबाबदार आहे.

झालं असं, की जळगावच्या कचेरीत मुंबईच्या तारांचं भाषांतर करणारे उपसंपादक भाचीच्या लग्नाला भडगावला गेले आणि संपादकांनी मला एका रात्रीपुरतं जळगावला बोलावून घेतलं.

“तारांचं भाषांतर जमेल ना रे तुला?”

“त्यात काय आहे, साहेब?” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मुंबईच्या वार्ताहराची तार आली. तार इंग्रजीत असायची आणि शब्दाला पैसे पडायचे. म्हणून मुंबईचा तो गृहस्थ निम्मे शब्द गाळून तार पाठवत असे आणि उरलेले आपण अकलेनं भरायचे, अशी पद्धत होती. त्या तारेत होतं ते असं: विरोधी पक्षनेत्यांनी विधानसभेत कपात सूचना मांडली, दुष्काळी कामांची मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, संदर्भ सोनगीरजवळचा पाझर तलाव.

मी तार दोनदा वाचली. माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आबांच्या साहेबांनी तलावाचे पैसे कमी करायला सांगितले? ज्या माणसानं चहा पाजून सगळं ऐकून घेतलं, त्यानं? पण राजकारणी माणूस म्हणजे काय, हे मला त्या वयात पक्कं ठाऊक होतं. धक्का बसला, पण आश्चर्य वाटलं नाही, असा काहीतरी तो विद्वान धक्का होता. खटकला तो फक्त आकडा. शंभर रुपये? विधानसभेत उभं राहून कोणी शहाणा माणूस शंभर रुपयांसाठी बोलेल? शंभर रुपयांत तर बांधावरचा दगडांचा एक थरही होत नाही. मग माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. त्या कंजूष वार्ताहरानं शब्द वाचवायला ‘लाख’ गाळला होता!

मी तो भरला.

शेजारी खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरनं मान वर करून विचारलं, “भाऊ, शंभर लाख? म्हणजे एक कोटी ना?”

“शंभर लाखच ठेव,” मी म्हणालो. “वजन येतं.”

मथळा मी स्वतः केला. ‘दुष्काळी कामांत शंभर लाखांची कपात करा: विरोधी पक्षनेत्यांची मागणी, सोनगीरच्या तलावावर घाला.’ ‘घाला’ हा शब्द माझा. तो सुचल्यावर मी चहा मागवला. थोड्या वेळानं मुंबईहून दुसरी तार आली, त्यात मंत्र्यांचं उत्तर होतं. मंत्र्यांचं उत्तर काय असणार, म्हणून मी ती वरवर चाळली. तेवढ्यात जाहिरात विभागाचा माणूस आला आणि एका टॉनिकच्या जाहिरातीला जागा मागू लागला. मंत्री आणि टॉनिक यांत मी टॉनिक निवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धुळ्याला निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर एक गृहस्थ माझा मथळा वाचून “काय एकेक लोक असतात!” असं शेजाऱ्याला म्हणाले. मला त्यांना सांगावंसं वाटलं की तो मथळा माझा आहे. सांगितलं नाही, ही त्या आठवड्यात मी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

आबा दोन दिवसांनी आले. खुर्चीत बसले नाहीत. दारातच उभं राहून डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आबांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

“भाऊ, तुन्हा पेपरमा उनं ते खरं शे का?”

“आबा, थेट मुंबईची तार आहे.”

“साहेब असं बोलनात?”

“मी स्वतः भाषांतर केलं,” मी म्हणालो. या वाक्यानं त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं.

आबा हळूहळू सांगू लागले. पेपर नेहमीप्रमाणे कामावर वाचला गेला. वाचणारी पोर ‘घाला’ या शब्दाला अडखळली, तेव्हा ओव्हरसियरनं तिच्या हातातून पेपर घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. मजुरीवरून रोज बायांच्या शिव्या खाऊन तो बिचारा टेकीला आलेला होता. त्यानं पेपराची घडी करून खिशात घातली, टिकाव-फावड्यांच्या खोलीला कुलूप लावलं, “तुमच्याच नेत्यानं पैसे कापले, काम बंद,” असं जाहीर केलं आणि सायकलवर बसून धुळ्याला निघून गेला.

“काम बंद?” मी विचारलं.

“बंद. आन बाया माले काय सांगतस, ठावं शे? आबा, आम्हनी भाकर लई गया आन आम्हनं पोट कापी उना.”

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. ती वाकडी बसली होती, पण सांगायची माझी हिंमत झाली नाही. जाता जाता म्हणाले, “परवा साहेब येनार शेतस. तूबी चाल. जे तार तू वाची, ते त्यास्ना तोंडवर वाच.”

परवाच्या दुपारी आम्ही सोनगीरच्या पुढच्या फाट्यावर उभे होतो. आग्रा रोडवरून ट्रकमागून ट्रक जात होते, अंगावर धूळ बसत होती आणि मागे किल्ल्याची टेकडी उन्हात पांढरी पडली होती. आबांच्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून झेंडूचा वास येत होता. हार आधीच सांगून ठेवलेला, तांबटाच्या दुकानाशेजारच्या माळ्यानं तो करून दिलेला. आता तो घालायचा की नाही, हे आबांना ठरवता येत नव्हतं. ते पिशवीचं तोंड उघडत आणि पुन्हा बंद करत.

मी जीपची वाट बघत होतो. विरोधी पक्षनेता म्हटल्यावर एक जीप तरी येईल, मागे दोन-चार गाड्या. एक तांबडी एसटी थांबली. तिच्यातून एक म्हातारी, एक करडू आणि हातात पिशवी घेतलेला, चुरगळलेल्या खादीतला एक माणूस उतरला. उतरताना म्हातारीनं त्याला करडू धरायला दिलं होतं, ते परत घेऊन ती चालू लागली.

तोच विरोधी पक्षनेता.

आबांनी नमस्कार केला, पण हार काही पिशवीतून निघाला नाही. नेत्यांच्या ते लक्षात आलं. “काय झालं आबा? तब्येत बरी नाही?” त्यांनी विचारलं. आबांनी उत्तर म्हणून पेपर पुढे केला.

नेत्यांनी तिथेच पानं झडलेल्या बाभळीच्या सावलीत उभं राहून बातमी वाचली. मग पुन्हा वाचली. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा नाकारतील. दोन्हींना माझी उत्तरं तयार होती. त्यांनी शांतपणे विचारलं, “शंभर लाख कुठून आले?”

“तारेत शंभर होतं,” मी म्हणालो. “लाख गाळलेला होता. तो मी भरला.”

“लाख गाळलेला नव्हता, बाळ. शंभरच.”

“पण शंभर रुपयांची कपात कशाला मागेल कोणी?”

ते चालायला लागले होते. मी आणि आबा त्यांच्या दोन बाजूंनी. चालता चालता त्यांनी सांगितलं, ते जसं मला आठवतं तसं लिहितो. मी असल्या गोष्टींचा भाषांतरकार म्हणून किती विश्वासाचा आहे, ते एव्हाना तुम्हाला कळलंच आहे.

“सरकार खर्चाला पैसे मागतं, त्याला मागणी म्हणतात. त्या वेळी एखाद्या गावच्या एखाद्या तलावाचं दुखणं सभागृहात काढायचं, तर आम्हाला सरळ उठून बोलता येत नाही. त्याची रीत आहे. आम्ही म्हणायचं, ही मागणी शंभर रुपयांनी कमी करा. का? तर त्या तलावावर पाणी नाही, मजुरी मिळत नाही, म्हणून. मग मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं. शंभर रुपये कोणी कापत नाही. सूचना मतदानाला जाते आणि पडते. पडायचीच असते. मी ती पाडून घेण्यासाठीच मांडतो.”

मी थांबलो. खरं म्हणजे पायच थांबले. आग्रा रोडवरचे ट्रक, किल्ला, आबांची वाकडी टोपी, सगळं एकदम लख्ख आणि दूर दिसायला लागलं. कॉलेजची ती ढाल डोळ्यांपुढे आली. तिच्यावर माझं नाव कोरलेलं होतं.

“मंजे तुम्ही तलावकरता बोलनात?” आबांनी विचारलं.

“तुमचीच भाकरी खाऊन गेलो होतो सभागृहात,” नेते म्हणाले. “चांगली होती. जरा कडक झाली होती.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “चाल.”

कामावर सगळे होते. काम नसतानाही आले होते आणि बांधाच्या पायथ्याशी बसले होते. आम्हाला येताना पाहून बायांनी तोंडं फिरवली. शंभरेक पाठी, डोक्यावरचे पदर, एकही चेहरा नाही. इतक्या पाठी एकदम पाहण्याचा तो माझा पहिला प्रसंग. मोठा माणूस येणार म्हणून ओव्हरसियर धुतलेला शर्ट घालून एका बाजूला उभा होता आणि तो तेवढा आमच्याकडे तोंड करून होता.

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात. शत्रूलाही देतात. तिथे कोणी उठलं नाही. शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, जिला सगळे अक्का म्हणत, मान अर्धी वळवली.

“पानी नही शे, साहेब. तेबी कापाई गयं.”

नेते ओव्हरसियरकडे वळून म्हणाले, “टँकर आला नाही का? मंत्र्यांनी सभागृहात कबूल केलं होतं. कामावर टँकर, आणि आठवडी बाजाराच्या आत मजुरी. पेपरात आलं असेल.”

दुसरी तार! माझ्या डोळ्यांपुढे टॉनिकची बाटली उभी राहिली.

“टँकर आला होता, साहेब,” ओव्हरसियर अडखळत म्हणाला. “काल धुळ्याच्या कचेरीपर्यंत आला होता. पण काम बंद, म्हणून मीच परत पाठवला.”

म्हणजे अक्का खरंच बोलत होती. पाणी कापलं गेलं होतं आणि ते मी कापलं होतं. त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी गेलो असतो. पण ती धरणी खोदायचं कामही मीच बंद पाडलेलं होतं.

नेत्यांनी आजूबाजूला पाहिलं. “मला इथे काहीच हुकूम देता येत नाही,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मी मंत्री नाही, कलेक्टर नाही. घमेलंभर मातीसुद्धा मला मंजूर करता येत नाही. माझं काम एवढंच, प्रश्न विचारायचा. आणि अध्यक्षांशिवाय प्रश्न विचारायची मला सवय नाही. अक्का, तुम्ही इकडे या. इथे बसा.”

खडीचा एक ढीग होता. अक्काला वाटलं चेष्टा चालली आहे. पण नेते हात जोडून उभे होते आणि हसत नव्हते. अक्का उठली, काठी टेकत आली आणि ढिगावर बसली. आबांनी पिशवीतून हार काढला, क्षणभर नेत्यांकडे पाहिलं आणि तो अक्काच्या गळ्यात घातला. पाठी वळायला लागल्या. एकेक चेहरा दिसू लागला.

“आते काय करू?” अक्कानं विचारलं.

“मी तुम्हाला विचारायचं, तुम्ही ओव्हरसियर साहेबांना उत्तर द्यायला सांगायचं. मधे कोणी बोललं, की काठी आपटायची.”

अक्कानं लगेच काठी आपटून पाहिली. बसल्या बसल्या दोन बाया हसल्या, तर अक्का त्यांच्यावर खेकसली, “गप ऱ्हा! मी अध्यक्ष शे.”

“अध्यक्ष महाराज,” नेते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. तो मघाचा, करडू धरणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता. “काम बंद करण्याचा लेखी हुकूम ओव्हरसियर साहेबांना कोणी दिला?”

“बोला, साहेब,” अक्का म्हणाली.

ओव्हरसियरनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. “लेखी नाही,” तो म्हणाला. “पेपरात आलं होतं.”

“कागद दखाड,” अक्कानं हात पुढे केला.

त्यानं खिशातून आमच्या पेपराची घडी काढून दिली. अक्कानं ती उलट-सुलट केली, नाकाला लावली. “हाऊ ते वडा बांधाना कागद शे,” ती म्हणाली. या वेळी हसणाऱ्यांवर तिनं काठी आपटली नाही. मग म्हणाली, “वाची दखाडा कोनी.”

नेत्यांनी बोटानं मला दाखवलं. “लिहिणारे गृहस्थच हजर आहेत, अध्यक्ष महाराज.”

मी माझी बातमी वाचली. आयुष्यात भाषणं पुष्कळ केली, पण इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नाही. ‘घाला’ या शब्दापाशी मी अडखळलो, अगदी त्या सातवी शिकलेल्या पोरीसारखा. ती समोरच बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

“शंभर लाख कोनी सांगं?” अक्कानं विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “तारेत शंभर होते. लाख मी घातले.”

“काबर?”

विधानसभेत मंत्र्यांना अडचणीचे प्रश्न कसे झोंबत असतील, ते मला तेव्हा कळलं. “शंभर फार कमी वाटले, अक्का.”

“तुले कमी वाटनात?” अक्का म्हणाली. एवढंच म्हणाली, पण बसलेल्या सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. मी खाली पाहिलं. शंभराची नोट त्यांतल्या किती जणींनी हातात धरली असेल, हा हिशेब त्या संध्याकाळी जळगावात माझ्या डोक्यात आला नव्हता.

ती शांतता नेत्यांनीच मोडली. “अध्यक्ष महाराज, मी इतकी वर्षं सभागृहात आहे. किती कपात सूचना मांडल्या, त्याला गणती नाही. सगळ्या पडल्या. आयुष्यात माझी एकच कपात मंजूर झाली, आणि ती या गृहस्थांनी केली. तीही शंभराची मागितली, तर शंभर लाखांची दिली. इतकं उदार सरकार मी पाहिलेलं नाही.”

हसण्याचा असा स्फोट झाला, की दूर चरणाऱ्या शेळ्या उधळल्या. आबाही हसले. ओव्हरसियर हसला. मी हसलो नाही. मला तेवढी मुभा नाही, असं मला वाटलं.

पण नेते थांबले नाहीत. “माझा शेवटचा प्रश्न. खोलीचं कुलूप कधी उघडणार?”

“वरून विचारावं लागेल, साहेब,” ओव्हरसियर म्हणाला.

“बंद करताना वरून विचारलंत?”

ओव्हरसियर खिशातली किल्ली चाचपू लागला.

“कागदाशिवाय सरकारी काम सुरू होत नाही, बरोबर? मग कागदाशिवाय ते बंद कसं होईल? हुकूमच नाही, म्हणजे काम बंद झालंच नाही. चार दिवस नुसतं कुलूप बंद होतं. निर्णय द्या, अध्यक्ष महाराज.”

अक्कानं क्षणभर विचार केला. गळ्यातला हार सरळ केला. “कुलूप उघाडा,” ती म्हणाली. “पानीना टँकर परत बलावा. आन हाऊ लिखनारा शे ना, पहिलं घमेलं त्याले द्या.”

ओव्हरसियरनं किल्ली काढली. मला वाटतं, त्यालाही सुटल्यासारखं झालं होतं. त्याचा हात जरा लगबगीनंच चालला. घमेलं मात्र माझ्या डोक्यावर खरंच ठेवलं गेलं. पायात नवे बूट, अंगात इस्त्रीची टेरिलीनची पँट, डोक्यावर मातीचं घमेलं, असा मी बांध चढायला लागलो. अर्ध्यावर पाय घसरला, घमेलं पुढे आणि मी त्याच्या मागे. मागून अक्काची काठी आपटल्याचा आवाज आला. “धरा रे त्याले! उद्याना पेपर कोन लिखी?”

संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट बघताना नेत्यांनी मला विचारलं, “उद्या काय छापणार?”

“चुकीची दुरुस्ती,” मी म्हणालो.

“दुरुस्ती कोणी वाचत नाही. मथळा वाचतात. माझी सूचना पडली, हे छाप. खरी बातमी तीच होती. ती पडली, म्हणजे पैसे पूर्ण आले.”

“पण तुम्ही हरलात, असा मथळा?”

“त्यासाठीच तर तिथे बसतो,” ते म्हणाले आणि आलेल्या एसटीत चढले. बसायला जागा नव्हती. दांडीला धरून उभे राहिले आणि गाडी शिरपूरच्या दिशेनं निघून गेली. पुढचं गाव, दुसरा तलाव.

मी जळगावला फोन लावून बातमी सांगितली: ‘विरोधी पक्षनेत्यांची कपात सूचना फेटाळली, सोनगीरजवळचं काम पुन्हा सुरू.’ संपादक फोनमध्ये ओरडले, “अरे, फेटाळली आणि सुरू? एक काहीतरी सांग!” मी म्हणालो, “दोन्ही सांगतोय, साहेब.” त्यांनी छापली, पण पुढे महिनाभर मला तारांच्या जवळ फिरकू दिलं नाही. मजुरी मंत्र्यांच्या शब्दाप्रमाणे त्या बाजाराच्या आत काही आली नाही, पुढच्या बाजाराला आली. आबांनी त्यावर पुन्हा एक अर्ज माझ्याकडून लिहून घेतला आणि तो लिहिताना प्रत्येक आकडा मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

त्यानंतर मी कामावर गेलो तो भीत भीतच. बांधाच्या पायथ्याशी टँकर उभा होता, नळाला बायांची रांग होती आणि खडीच्या ढिगात खोवलेल्या एका दांडीवर वाळलेला झेंडूचा हार लटकत होता. मला पाहून अक्का रांगेतून बाहेर आली. आपल्याच भांड्यातलं पाणी तांब्यात ओतलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

“ले, पी,” ती म्हणाली. “आन मोजी ले. नही ते लिखशी, अक्कानी शंभर तांब्या पाजात.”